बोट दिसलं की सांगा

“दिसलं!” बसड्रायव्हर म्हणाला.

“मलाही आत्ताच दिसलं,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले. “तुमची नजर माझ्याइतकीच ठणठणीत आहे. त्या नजर तपासायच्या यंत्राला म्हणावं, आधी स्वतःचे डोळे तपासून घे.”

ड्रायव्हर खूश होऊन हसला. त्याची बायको हसली नाही.

“यंत्र दोनदा तेच म्हणालं हो, डॉक्टर. यांना दोन्ही कडांचं दिसत नाही म्हणून. आणि डेपोच्या फाटकाला यांनी बस घासली, ती काय यंत्राने घासली?”

“फाटकच अरुंद आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

“इतकी वर्षं बरं पुरलं ते तुम्हाला!”

भांडण फाटकाचं असलं तरी दुखणं नाकाच्या मागे होतं. तिथे मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, आणि ड्रायव्हरच्या त्या वाटाण्यावर गाठ आली होती. डोळ्यांच्या नसा बरोबर तिच्या डोक्यावरून जातात. गाठ फुगून नसांना टेकली, तर आधी कानांकडची नजर जाते. समोरचं छान दिसत राहतं, म्हणून माणूस खुशाल असतो. अशा वेळी नाकातून दुर्बीण घालून गाठ लगेच काढावी लागते. उशीर केला तर गेलेली नजर परत येत नाही. नसा मोकळ्या असतील, तर मात्र थांबून पाहता येतं. थोडक्यात, सगळा निकाल ड्रायव्हरच्या नजरेच्या कडांवर होता.

यंत्राने निकाल दिला होता. तो मोठ्या डॉक्टरांना मान्य नव्हता.

त्यांची पद्धत जुनी होती. पेशंटच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. त्याने एक डोळा झाकायचा, आपण त्याच्या समोरचा झाकायचा. उघड्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत राहायचं आणि आपलं बोट कानाच्या बाजूने हळूहळू आत आणायचं. आपल्याला दिसलं तेव्हाच त्यालाही दिसलं, तर त्याची नजर शाबूत. डॉक्टरचा डोळा हीच मोजपट्टी. तिला वायर नाही, बटण नाही आणि दर वर्षी दुरुस्तीला येणारा टायवाला माणूस नाही.

“सर, आणखी एकदा करून बघू या?” भिंतीपाशी उभी असलेली नाकाची डॉक्टर म्हणाली.

ती त्यांची दुर्बीण धरायची. ऑपरेशनमध्ये ती नाकातून दुर्बीण आत नेऊन स्थिर धरी, ते समोरच्या पडद्यावर बघत दोन्ही हातांनी गाठ काढत. एका नाकात दोघांचे मिळून चार हात, पण कधी एकमेकांना लागले नाहीत. एवढा एकोपा दोघांच्याही घरी नव्हता. हल्ली हॉस्पिटलात कुजबूज होती, की मोठे डॉक्टर शिष्ट झालेत, व्हरांड्यात नमस्कारसुद्धा घेत नाहीत. ती तेवढी त्यांची बाजू घेऊन भांडायची. त्यांचे हात मात्र अजून असे चालत, की पडद्यापुढे शिकाऊ डॉक्टरांची गर्दी होई.

“करू, तुझंही समाधान होऊ दे,” असं म्हणून त्यांनी स्वतःच पुन्हा बोट धरलं. डावीकडून. उजवीकडून. दोन्ही वेळा ड्रायव्हर आणि डॉक्टर एका सुरात “दिसलं” म्हणाले.

“झालं? उद्याचं ऑपरेशन रद्द. सहा महिन्यांनी या.”

“म्हणजे मी सोमवारपासून गाडीवर?” ड्रायव्हर अर्धा उठलाच.

“खुशाल.”

“डॉक्टर,” बायको हळू आवाजात म्हणाली, “गाडीत माणसं असतात हो. शाळेची पोरं असतात. मला यांचं नाक फोडून घ्यायची हौस नाही.”

“वहिनी, माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.”

त्या बाईंनी नाकाच्या डॉक्टरकडे पाहिलं. तिने मघापासून एकदाही ड्रायव्हरकडे पाहिलं नव्हतं.

“तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का?” ती म्हणाली. “उद्याचं अजून रद्द नका धरू. मी सांगते.”

दार लागलं तसे मोठे डॉक्टर उखडले. “पेशंटसमोर मला खोटं पाडतेस? एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलीस आणि आता त्या डब्यावर विश्वास?”

“तुमच्यावरच आहे, सर.” ती ड्रायव्हरच्या खुर्चीत, त्यांच्या अगदी समोर बसली. “मला एकदा शिकवा हे. कॉलेजात पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पण हाताने कधी नीट केलंच नाही. मी डॉक्टर, तुम्ही पेशंट.”

त्यांचा राग विरघळला. ही विद्या आपल्याबरोबरच निवृत्त होणार, अशी त्यांची खंत होती. शेवटी विचारलं कुणीतरी.

“गुडघे पुढे घे. आणखी. मी डावा झाकतो, तू उजवा झाक. नजर माझ्या बुबुळावर. बोट माझ्या कानाच्या बाजूने आणायचं, आणि घाई करायची नाही. घाई केलीस की पेशंट अंदाजाने हो म्हणतो.”

“बरं, सर.”

ते तिच्या डोळ्यात बघत राहिले. डोळा भरून आला होता. जागरणं फार करते ही पोरगी, त्यांना वाटलं. एकदा रागावलं पाहिजे.

“हं. कर सुरुवात.”

तिची नजर त्यांच्या बुबुळावरून हलली नाही.

“अगं, घाबरतेस काय? चुकलं तर मी आहे ना सांगायला,” ते मायेने म्हणाले. “धर बोट.”

“केव्हाचं धरलंय, सर.”