हीटर फुल्ल

कात्यायनीच्या चढाला गुळानं भरलेल्या पिकअपमधला टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात शिरला, तसं केरबानं घड्याळ बघितलं. शेजारी बसलेल्या पैलवान भाचीचं तासाभरात शाहूपुरीत वजन घेणार होते. सत्तावन्न किलोच्या गटाला तेजस्वी अजून अर्धा किलो जास्त भरत होती. थांबावं तर कुस्ती हुकणार, रेटावं तर इंजिन बसणार. त्यानं गियर उतरवून भर उन्हात हीटर फुल्ल सोडला. "इंजिनची आग आत घेतोय पोरी, काच उघड!" तेजस्वीनं उलट काच चढवली आणि घोंगडं पांघरलं. "तुमची बी चढवा, मामा!" केरबाचा सदरा घामानं निथळला, पण काटा खाली आला. शाहूपुरीत वजन शंभर ग्रॅम कमीच भरलं. "कुठं घाम गाळलास गं?" वस्तादांनी विचारलं. तिनं बाहेर बोट दाखवलं. केरबा पैलवानाची पाठ थोपटावी तसं बॉनेट थोपटत होता.