झटक्यात गेली

रस्त्याकडेच्या खोल चरात आडवी पडलेली स्कूटर.

अर्धा उसवलेला सोफा. गिऱ्हाईक चकरा मारून कंटाळलेलं.

"तरुण पोरगी आहे, काका. आधी मित्राबित्राकडे बघा, मग इथं या." ठाण्यातला हवालदार, कानात काडी फिरवत.

"डोक्याला मार, जागीच मृत्यू. लगेच शोधलं असतं तरी उपयोग नव्हता. हवालदाराविरुद्धची तक्रार निकाली." पहिल्या चौकशीचे साहेब.

आणि बायकोचं एकच वाक्य, भांडी विसळता विसळता: "झटक्यात गेली हो आपली चिऊ. कळलंही नसेल तिला."

सोफे शिवणाऱ्या बापाच्या डोळ्यांसमोरून मात्र ती काडी हलेना. त्यानं अपील केलं. ऑफिसांचे उंबरे झिजवले. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आपण बुडालोय रे आधीच."

आज निकाल होता. बायको आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या कोंदट खोलीत अपील ऐकणाऱ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं बरोबर होतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलंय. मुलगी पहाटेपर्यंत जिवंत होती. तुम्ही ठाण्यात गेलात तेव्हाच शोधलं असतं, तर वाचली असती. हवालदारावर कारवाई होईल."

भावानं त्याचा हात घट्ट दाबला. "जिंकलास, दादा!"

तो जिना उतरताना संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचे तास मनाशी मोजू लागला आणि मध्येच थांबला. कठडा धरून उभा राहिला. लोक बाजूनं उतरत राहिले.

घराच्या कोपऱ्यावर त्यानं भावाला अडवलं. "वहिनीजवळ एक अक्षर काढलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

बायकोनं दार उघडलं. त्याच्या हातातली पिशवी घेतली. मग विचारलं, "काय झालं हो?"

"काय व्हायचंय? हरलो. जागीच गेली, तेच म्हणाले पुन्हा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा.

"मी म्हणत नव्हते? झटक्यात गेली. चला, हातपाय धुवा. पानं घेते."

तो जेवला. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.

पहिल्या चौकशीच्या दिवशी चरासमोरच्या गोदामाचा पहारेकरी साहेबांना सांगत होता, की पहाटेपर्यंत कुणीतरी 'आई, आई' करून कण्हत होतं, त्याला वाटलं कुणी दारुडा असेल. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. नवरा खाली चहा आणायला गेला होता. ती साहेबांच्या खोलीच्या दारालगतच्या बाकावर बसली होती, आणि दार उघडं होतं.