एक वेलांटी

तिला युवा पुरस्काराचा अर्ज पाचच्या आत कार्यालयात द्यायचा होता. चार वाजून दहा मिनिटं झाली तरी आजोबा सही करायला तयार नव्हते.

"चूक आहे," ते म्हणाले. "शोध."

आजोबा तिचे सख्खे नव्हते. त्यांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली होती, आणि आता नजर गेली होती. दर शनिवारी दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवायचा, ही तिच्या वाट्याला आलेली सेवा. तेरा शनिवार सेवा आणि डोंगरातली दोन दिवसांची मोहीम, एवढं केलं की युवा पुरस्काराचं पदक. पदक अजून मिळायचं होतं, पण आईने इमारतीच्या चारही मजल्यांवर बातमी पोचवली होती.

तिने परत वाचलं, त्यांनी लावलेल्या सवयीप्रमाणे विरामचिन्हांसकट. "तेरा शनिवार आजोबांना वाचनात मदत केली पूर्णविराम."

"चूक आहे."

"शनिवारमधला नि पहिलाच काढलाय."

"शुद्धलेखन बरोबर आहे. मजकूर चुकलाय. मागच्या शनिवारी ही समोरची खुर्ची रिकामी होती."

तिचे कान तापले. चूक तिला पहिल्यापासून माहीत होती. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून खपून जाईल, असं वाटलं होतं.

"मागच्या शनिवारी मी डोंगरात होते ना! तेही पुरस्काराचंच काम. आणि बारा काय, तेरा काय, एकाने काय होतंय?"

आजोबांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बरं, डोंगरात कसं झालं?"

सांगायची तिची अजिबात इच्छा नव्हती. घड्याळाकडे बघत ती घाईघाईने बोलू लागली. दुसऱ्या सकाळी धुकं उतरलं. हातभर लांबचं दिसेना. रस्त्याच्या सूचनांचा कागद गटनायकाकडे होता. ओढा आला तेव्हा तो म्हणाला, चला, उतरा पाण्यात. तिने कागद मागितला. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे ओळीखाली धरायला पट्टी नव्हती, म्हणून कंगवा धरून, बोट ठेवून वाचला.

"दोन ओळी 'ओढ्यापाशी' या शब्दानेच सुरू होत होत्या, आजोबा. त्याने खालची वाचली, ओढ्यापाशी पाणी कमी असेल तर ओलांडा. वरची सुटली. ओढ्यापाशी पाणी गढूळ असेल तर उजवीकडे पुलावर जा."

"नजर घसरते," आजोबा म्हणाले. "सारख्या शब्दावर हमखास घसरते. चांगल्या चांगल्यांची घसरते. मग?"

"मग पुलावर गेलो. तोवर धुकं विरळ झालं होतं. वरून बघितलं तर खाली कमरेच्या वर पाणी, नुसतं धावत होतं. आमच्यातल्या दोघींना पोहता येत नाही. आणि तो शहाणा मला आधी म्हणतो कसा, एका ओळीने काय होतंय..."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

तिने अर्ज पुन्हा समोर ओढला. मग तिने 'तेरा' खोडलं आणि वर 'बारा' लिहिलं. बारावर पदक नाही, हे नियमात ठळक अक्षरात छापलेलं होतं. पुढची तुकडी सहा महिन्यांनी. आईला चार मजले परत चढावे लागणार होते.

"बारा शनिवार आजोबांना वाचनात मदत केली पूर्णविराम," तिने वाचलं.

आजोबांनी पेन काढलं. तिने त्यांचं बोट योग्य रेघेवर टेकवलं आणि त्यांनी सही केली, रेघेच्या किंचित वर, पण ठसठशीत.

"आता पुढच्या शनिवारी?" त्यांनी विचारलं. "पदक तर गेलं."

"तीनला येते, नेहमीसारखी."

दप्तरात कागद ठेवता ठेवता ती थांबली. टेबलावर वाकून तिने पुन्हा पेन टेकवलं. आजोबांचे कान तेवढ्यालाही तयार होते.

"सही झाल्यावर मजकुराला हात लावायचा नसतो. काय खोडलंस?"

"खोडलं काहीच नाही. एक वेलांटी राहिली होती, ती दिली."

"पहिली की दुसरी?"

"दुसरी."

"वाच."

"बारा शनिवार आजोबांनी वाचनात मदत केली पूर्णविराम."

आजोबांनी ओठातल्या ओठात ते वाक्य एकदा म्हणून बघितलं. मग चष्मा काढून पुसू लागले. त्या चष्म्यातून त्यांना कितीतरी महिन्यांत काही दिसलेलं नव्हतं.

"चूक आहे," ते म्हणाले. "पण असू दे."