पारादो

नूपुर कोलकात्यात, एस्प्लनेडच्या एका ऑफिसात मेक्सिकोतल्या वृद्धांसाठी चालणाऱ्या हेल्पलाइनवर स्पॅनिशमध्ये बोलायची. इथे भर दुपार असली की तिकडे मध्यरात्र असायची, आणि झोप न लागणारे आजी-आजोबा घरची गाऱ्हाणी सांगायला फोन करायचे.

त्या दुपारी एक आजी अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, माझ्या घरात एक माणूस आहे. पारादो."

नूपुर स्पेनच्या एका बाईंकडे ऑनलाइन स्पॅनिश शिकली होती. त्यांनी पारादो म्हणजे बेकार, नोकरी सुटलेला, असं शिकवलं होतं. आजींचा मुलगा नोकरी गेल्यामुळे घरी बसला असेल, असं तिला वाटलं.

"काळजी करू नका आजी, होईल सगळं नीट," असं म्हणून तिने फोन ठेवला.

चहा पिताना तिने ही गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या विहंगदाला सांगितली. तो मेक्सिकोत राहून आलेला. त्याने कप तसाच खाली ठेवला.

"अगं, बेकार हा अर्थ स्पेनमध्ये. मेक्सिकोत पारादो म्हणजे उभा. घरात एक माणूस उभा आहे, असं सांगत होत्या त्या!" त्याने तिच्या स्क्रीनवर आजींची माहिती पाहिली. "आणि नूपुर, त्या एकट्याच राहतात."

नूपुरने लगेच परत फोन लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"आजी?"



"झोपल्या त्या," एक पुरुष शांतपणे म्हणाला.