गोड मात्र माझं

थेल्माने शेवटचा काचेचा पेला ईनिडच्या पुढ्यात ठेवला आणि ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"करा सुरू. माझी वाट बघू नका. गूजबेऱ्या आपल्या कुंपणाकडच्याच आहेत, काल तोडल्या."

बागेतल्या टेबलाशी तिघंच होती. मुलगा क्लाईव्ह, सून जॅकी आणि शेजारची ईनिड. हॅम, बटाट्याचं सॅलड, पाव, सगळं जॅकी घरून डब्यांत भरून घेऊन आली होती. तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही, असं तिने फोनवर बजावलं होतं. "गोड मात्र माझं," असं थेल्मानेही तितक्याच ठसक्यात सांगितलं होतं.

क्लाईव्ह जेवायला आलेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो बघायला आला होता. मध्यंतरी तिने रिकामी किटली गॅसवर ठेवून जाळली, आणि एकदा चर्चमधून परतताना स्वतःच्याच गल्लीत घर चुकली. तेव्हापासून टेलफर्डच्या वृद्धाश्रमातली एक खोली त्याच्या डोक्यात बसली होती. आजची दुपार नीट पार पडली तर थेल्मा या घरात राहणार होती. नाही पडली तर नाही.

म्हणून तिने आज उगाच धाडस केलं नव्हतं. केक नाही, ओव्हन नाही. आवळ्यासारख्या आंबट गूजबेऱ्या शिजवून घोटायच्या, गार करायच्या आणि फेटलेल्या क्रीममध्ये कालवायच्या. उन्हाळ्यात पाहुणे आले की ती वर्षानुवर्षं हेच करत आली होती. झोपेतही जमावं इतकं सोपं.

क्लाईव्हने पहिला चमचा तोंडात घातला. जरासा थांबला. मग त्याने गिळलं.

"वा," तो म्हणाला.

जॅकीने पाण्याचा ग्लास उचलून अर्धा संपवला. "या उन्हात अगदी बरं वाटतंय हं," ती म्हणाली.

थेल्माचं त्या दोघांकडे लक्षच नव्हतं. घरची पोरं चांगलंच म्हणणार. तिचे डोळे लागले होते ईनिडकडे. दोघी लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हापासून ईनिडने तिच्या हातच्या एकाही पदार्थाला बरं म्हटलेलं नव्हतं. केक कोरडा, जॅम पातळ, कस्टर्डमध्ये गुठळ्या. थेल्माच्या नवऱ्याच्या दफनानंतरच्या जेवणातसुद्धा या बाईने केकचा तुकडा उलटा करून बूड जळलंय का ते पाहिलं होतं. भवानी मेली! तिच्यावरच्या रागापोटीच तर थेल्माचा हात इतका सुधारला. ईनिड नावं ठेवणार, याच्याइतकं भरवशाचं जगात दुसरं काही उरलं नव्हतं.

ईनिडने चमचा चाटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रुमालाने टिपलं.

"गवताच्या फुलोऱ्याने डोळ्यांना वैताग आणलाय यंदा," ती म्हणाली आणि तिने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. मान खाली घालून तिने पेला तळापर्यंत खरवडला.

"थेल्मा, फार छान झालंय गं. आजवर तू केलेलं सगळ्यात छान."

थेल्माच्या हातातून खुर्चीची पाठ सुटली.

ती हळूच बसली. आपला पेला जवळ ओढून तिने चमचाभर तोंडात घातलं. जबडा आखडला, कानांपर्यंत कळ गेली, दात क्षणात आंबले. साखरेचा एक कणही नव्हता. तीन जिन्नसांतला एक तिने घातलाच नव्हता, आणि घातला नाही हे तिला आत्ता जिभेने सांगितलं होतं. तिने गिळलं. पाहुण्यांसमोर थुंकत नाहीत.

मग तिने टेबलावर नजर फिरवली. तिन्ही पेले चाटूनपुसून रिकामे होते.

कुणी तोंड वाकडं केलं असतं, तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. साखरेचा डबा आणला असता, सगळ्यांनी वरून भुरभुरली असती, आणि नाताळपर्यंत तिची टिंगल चालली असती. चुकलेल्या माणसाला लोक हसतात. तिला कुणी हसत नव्हतं.

"आई," क्लाईव्हने तिच्या हातावर हात ठेवला. त्याचा आवाज आजारी माणसाशी बोलावं इतका मऊ होता. "मंगळवारी ती खोली नुसती बघून येऊ या का? नुसती बघायला."

सकाळपासून तिने याची उत्तरं घोकून ठेवली होती, चांगली झणझणीत. त्यांतलं एकही तिने दिलं नाही. ती ईनिडकडे वळली.

"ईनिड, काहीतरी नावं ठेव ना गं."

"कशाला?"

"या गोडाला. ठेव काहीतरी. एकच ठेव."

जॅकी टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागली. ईनिडने थेल्माकडे पाहिलं. तिने रिकामा पेला पुढे सरकवला.

"नाव ठेवायला जागा तरी ठेवलीयस का तू? आहे का आणखी थोडं?"

भांड्यात काही उरलं नव्हतं. थेल्माने आपल्या पेल्यातलं तिच्या पेल्यात ओतलं. ईनिडने तेही संपवलं.