बाजारातून पायी

टॅक्सीवाल्याने बाजाराच्या तोंडाशीच गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि नाक धरून सांगितलं, इथेच उतरा. सीटवर, खालच्या पायपुसण्यावर, तिच्या मांडीवर, सगळीकडे ओकारी पसरली होती. तिचा धाकटा भाऊ काचेला गाल लावून बसला होता. त्याची पँटही ओली झाली होती.

वॉर्डात लागेल म्हणून घेतलेला कोरा टॉवेल तिने पिशवीतून काढला, सीट जमेल तेवढी पुसली आणि टॉवेलचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग भावाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. टॅक्सीवाला भाड्यासाठीही थांबला नाही.

व्यसनमुक्तीचा वॉर्ड बाजाराच्या पलीकडच्या टोकाला होता. धडधाकट माणसाला दहा मिनिटांची वाट. अडीच वाजून गेले होते आणि तीननंतर कुणाला दाखल करून घेत नसत. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, उचलून आणू नका, धरूनबांधून आणू नका. तो स्वतः सही करणार असेल तरच आणा. याआधी दोनदा भाऊ हो म्हणाला होता आणि दोन्ही वेळा वाटेतूनच पसार झाला होता. आज पुन्हा हो म्हणाला, आणि धीर यावा म्हणून निघण्याआधी कुठूनतरी पिऊनही आला.

ती लाँड्री चालवायची. वीस वर्षं परक्यांची घाण तिच्या हाताखालून जात होती. दवाखान्यातल्या चादरी, लॉजमधल्या गाद्यांच्या खोळी, त्यांवरचं काय काय. तिच्या पोटात कधी ढवळलं नव्हतं. डाग कशाचा आहे ते बघायचं आणि कामाला लागायचं. पण ही घाण परकी नव्हती. लहानपणी ज्याच्या तोंडातला घास काढून तिने खाल्ला होता, त्याच तोंडातून ती आली होती.

आधी तिने त्याला कोपराला धरलं. तिथे शर्ट कोरडा होता. चार पावलांत त्याचा तोल गेला, तेव्हा त्याचा हात खांद्यावर घ्यावा लागला. आता त्याचं तोंड तिच्या गालाशी आलं. आंबूस, कुजकट वाफ दर श्वासाला मानेवर येत होती. ती श्वास रोखायची, अगदी जीव घाबरा झाला की तोंडाने घ्यायची, आणि मग तो वास जिभेवर बसायचा. बोटांना काहीतरी चिकट लागत होतं. ते काय आहे हे तिने पाहिलं नाही.

लोक आपोआप बाजूला होत होते. चपलांच्या दुकानासमोर लाँड्रीचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेली एक वकीलबाई समोर आली. बरं नाही का यांना, तिने विचारलं. नजर मात्र स्वतःच्या बुटांवर होती. सहा वर्षं बहीण सगळ्यांना एकच सांगत आली होती, पित्ताचा त्रास आहे.

"दारू पितो," ती म्हणाली. "दाखल करायला नेतेय."

वकीलबाई फुटपाथवरून खाली उतरली.

भाऊ थांबला. रडायला लागला. नाक वाहत होतं, ते त्याने तिच्याच खांद्याला पुसलं. ओकारीपेक्षाही ते तिला असह्य झालं.

"ताई, तू हो पुढे. मी येतो मागून."

मागून म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. गेल्या वेळी तो असाच मागून येणार होता.

"तुला किळस येतेय माझी," तो म्हणाला.

"येतेय. फार येतेय. चल."

तो हलला नाही. बाजूला एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला गुत्ता. जाऊ दे याला, तिच्या मनात आलं. अर्ध्या तासात घरी पोचेन. कढत पाणी घेईन, हे कपडे जाळून टाकीन. तिची बोटं सैल झाली. सुटली. त्याच्याही ते लक्षात आलं. त्याने एकदा बोळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पण तो गेला नाही. ओल्या पँटीत, जागच्या जागी डुलत उभा राहिला.

तिने त्याचा हात उचलून पुन्हा खांद्यावर घेतला.

वॉर्डाच्या खिडकीत बसलेल्या परिचारकाने नाकाला रुमाल लावला नाही. त्याने भावाला विचारलं, स्वतःहून आलात का? भाऊ बहिणीकडे बघू लागला. परिचारक म्हणाला, त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघून सांगा. भावाने मान वळवली. मग हो म्हणाला. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं नाव रेघेवर काढता येईना. तीनदा पेन घसरलं. तिने हात पुढे केला नाही. शेवटी कसंबसं नाव उमटलं. वॉर्डातल्या दोघांनी त्याला आत नेलं आणि दार लागलं.

ती बाहेर आली, भिंतीकडेच्या गटारावर वाकली आणि भडाभडा ओकली. पोट रिकामं होईपर्यंत ओकत राहिली. नळावर चूळ भरली, हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. वास गेला नाही. मग तशीच खिडकीशी परत गेली.

"भेटायची वेळ काय?"

"आठ दिवस कुणालाच भेटू देत नाही," परिचारक म्हणाला.

"नवव्या दिवशी किती वाजता?"