लाल शाईतलं नाव

"हरलो तर कोंबड्यासारखा तीनदा आरवेन," शिंप्यानं मशीनवर थाप मारली. "पण लिहून घ्या, ती बाई परत येणार म्हणजे येणार!"

"नाही येणार," आक्का म्हणाली. उशीची खोळ न्यायला आली होती आणि दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावत होती. "मी हरले तर मी आरवेन. बोला!"

बाई म्हणजे तिथंच बाकावर बसलेल्या मास्तरच्या शाळेतली गणिताची बाई. पाच वर्षांपूर्वी ती बिनपगारी रजेवर गेली आणि तिच्या जागी मास्तर चिकटला. हंगामी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिने. हजेरीच्या रजिस्टरात बाईचं नाव लाल शाईत, पुढं 'रजा'. त्याखाली मास्तरचं नाव, पेन्सिलीनं.

"पेन्सिलीनं का रे?" शिंप्यानं एकदा विचारलं होतं.

"खोडायला सोपं."

यंदा मात्र मामला वेगळा होता. पाच वर्षांच्या वर कुणाला रजा मिळत नाही. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला प्रार्थनेच्या घंटेपर्यंत बाई हजर झाली नाही, तर तिची नोकरी खलास आणि मास्तर कायम. हेडमास्तरांनी ऑर्डर टाइप करून ठेवली होती. सही तेवढी राहिली होती.

"कशावरून नाही येणार?" शिंप्यानं आक्काला छेडलं.

"पाच वर्षं घरात बसलेल्या बाईला आता पोरांचा कलकलाट सोसवेल होय?"

"आक्काच्या तोंडात साखर पडो!" मास्तर म्हणाला. "आणि आरवायचं आमच्या शाळेत. सकाळच्या प्रार्थनेला, हजार पोरांसमोर."

"ए बाबा, मला आत कोण घेईल? पकडून देतील!" शिंपी किंचाळला.

"म्हणजे हरायची तयारी झाली वाटतं," आक्का हसली. "मंजूर."

गल्ली ही अशी. खरी नावं कुणाची कुणाला ठाऊक नाहीत. शिंपी तो शिंपी, मास्तर तो मास्तर, आणि समोरच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं करणारी ती आक्का. आधी कुठंतरी नोकरी करायची म्हणे.

मास्तर दोन बस बदलून संध्याकाळी घरी आला, की आधी समोर जायचा. म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. तेवढं झालं की आक्का चहा टाकायची आणि शाळेच्या गमती विचारायची. वर्गात आज कुणी दिवे लावले, कुणाला अपूर्णांक जमेनात, सगळं. मास्तरही मोकळा व्हायचा. बायको आणि लेक सासऱ्याकडे होत्या. "कायम झालात की न्या," असं सासऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं. चार वर्षांची पोर बापाला फोनवरच्या आवाजानंच ओळखायची.

"भेटली की पोर कडेवर येते का?" आक्कानं एकदा विचारलं.

"आईच्या मागं लपते," मास्तर म्हणाला आणि कपात बघत बसला.

त्या पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला म्हातारा गेला. मास्तरनं शाळेला दांडी मारून सगळी धावपळ केली. पुढचे दहा-बारा दिवस आक्का खिडकीशी नुसती बसून होती. ताट जसंच्या तसं परत जायचं. चौदा तारखेला मास्तर तिच्यासमोर फतकल मारून बसला.

"आक्का, हे बरं नाही. अशानं वेड लागेल."

"मग काय करू?"

"कामावर जा. आधी कुठंतरी जात होतीस ना? तिथंच जा."

"आता कोण घेणार?"

"विचारलंस का?"

"विचारलं नाही."

"मग? उद्याच्या उद्या जा. नाही म्हणाले तर मी येतो भांडायला."

आक्का खिडकीकडून त्याच्याकडे वळली. "मास्तर, तू खरंच सांगतोस? जाऊ?"

"माझी शप्पथ आहे तुला."

पंधरा तारखेला तांबडं फुटायच्या आत मास्तरनं दाढी केली. बायको लेकीला घेऊन पहाटेच्या गाडीनं निघालीसुद्धा होती. त्याला धीर निघेना म्हणून त्यानंच बोलावलं होतं. समोरच्या दाराला कुलूप दिसलं. गेली वाटतं कामावर, मास्तर मनाशी म्हणाला आणि शीळ घालत बस पकडली.

प्रार्थनेची घंटा झाली. मैदानावर हजार पोरं रांगेत उभी राहिली. मास्तरनं फाटकाकडे पाहिलं. फाटक बंद होत होतं. त्यानं छातीभर श्वास घेतला.

प्रार्थना संपली. हेडमास्तर माईकपाशी आले. मास्तरकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मुलांनो, एक आनंदाची बातमी. आपल्या गणिताच्या बाई पाच वर्षांच्या रजेनंतर आज हजर झाल्या आहेत. दोन शब्द बोलणार आहेत."

टाळ्या सुरू झाल्या. मास्तरच्या कानात नुसता सूं आवाज भरला. गाडी एव्हाना अर्ध्या वाटेत असेल, एवढंच त्याला सुचलं.

ऑफिसाच्या दारातून बाई बाहेर आली. खांद्याला पर्स, नाकावर चष्मा. तिनं माईक हातात घेतला आणि शिक्षकांच्या रांगेत नजरेनं कुणाला तरी शोधलं. सापडल्यावर तिचे डोळे भरून आले.

मग हजार पोरांसमोर आक्कानं मान वर केली आणि ती कोंबड्यासारखी आरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज फुटला.